मुळावर उठलेला मीटर

पालिकेच्या शाळेत उभी हयात गणित शिकवून निवृत्त झालेल्या शकु खिल्लारेबाईंना त्यांच्या चारकोपच्या सोसायटीत कुणी फारसं विचारत नसे. बाईंना त्याचं दुःखही नव्हतं.

एका दुपारी घरातली लाइट गेली म्हणून त्या जिन्याखालच्या मीटरपेटीशी गेल्या आणि आपल्या मीटरचा नंबर त्यांनी पहिल्यांदाच नीट वाचला. ७३९३९१३३. हाताला खोड, म्हणून भाग लावून पाहिला. तिनाने जाईना, साताने जाईना, अकरानेही जाईना. लाइट राहिली बाजूला.

संध्याकाळी लेकीने, मनालीने, लॅपटॉपवर खात्री करून दिली: ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी. बाईंनी शेवटचा तीनचा अंक बोटाने झाकला. उरलेली संख्याही मूळच. आणखी एक अंक झाकला, तरी मूळ. असं करत ७३९ उरले, मग ७३, मग नुसता सात. दर वेळी मूळच. उजवीकडून कितीही तोडली तरी अशीच टिकणारी याहून मोठी संख्या नाही, हेही मनालीने शोधून सांगितलं. बाई जेवण सोडून पुन्हा मीटर बघून आल्या. त्यांचे यजमान भाऊराव यांनी त्यामुळे बिल कमी येईल का, एवढंच विचारलं.

दिवाळीनंतर वीज कंपनीची नोटीस लागली. जुने मीटर काढून स्मार्ट मीटर बसवणार.

"नंबर कागदावर लिहून ठेव," भाऊराव म्हणाले. "संख्या काय मीटरबरोबर भंगारात जाणार आहे?"

"संख्या कुठे जात नाही हो. पण ती आपल्याकडे राहायला आली होती."

कंपनीची माणसं आली तेव्हा बाई पेटीसमोर स्टूल टाकून बसल्या होत्या. वाढीव बिलाच्या धास्तीने आधीच तापलेल्या वरच्या मजल्यावरच्या राजेश नाट्यांनी ते पाहिलं आणि स्वतःची खुर्ची आणली. बघता बघता अर्धी सोसायटी जमली. बाई का बसल्यात, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. ज्याचं त्याचं कारण ज्याच्या त्याच्यापाशी तयार होतं. बाईंनी राजेशना मूळ संख्येचं सांगून पाहिलं. त्यांनी मान डोलावली आणि गर्दीकडे वळून सांगितलं, "बाई म्हणतात, कंपनी आपल्या मुळावर उठलीय."

टाळ्या पडल्या. कंपनीची माणसं अवजारं गोळा करून निघून गेली, आणि काही दिवसांनी काम तूर्त स्थगित झाल्याचं कळलं.

पुढच्या सभेत खिल्लारेबाईंना सेक्रेटरी निवडण्यात आलं. विरोधात एकच मत पडलं, ते बाईंचं.

आता सकाळी चहाच्या आधीच दार वाजतं. कुणाचं छत गळतंय, कुणाच्या जागेत दुसऱ्याची स्कूटर. भाऊराव दार उघडून बाई आंघोळीला गेल्यात असं सांगतात. कधीकधी ते खरंही असतं.