रेडिओची पिवळी गोळी

गल्लीच्या कोपऱ्यावर दोन खुर्च्यांचं एक सलून होतं आणि त्याच्या मालकाला सगळे ‘रेडिओ’ म्हणत. सकाळी शटर वर गेलं की त्याचं तोंड सुरू व्हायचं, ते शटर खाली येईपर्यंत. दुखऱ्या गुडघ्याला काय चोळावं, टाकीला गळती का लागते, कोणाच्या मुलाने कुठे नोकरी धरावी, कुठल्याही विषयावर त्याचं मत तयार. गिऱ्हाईक मानेला कापड बांधून बसलेलं, त्यामुळे उठून जायची सोय नाही.

गेल्या दीड वर्षापासून मात्र एका विषयावर हा रेडिओ मुका होता.

त्याचं असं झालं. एका वृद्धाश्रमात तो दर सोमवारी दाढ्या करायला जायचा. तिथे एक म्हातारा गवंडी अंथरुणाला खिळलेला होता, डोळे गेलेले. दाढी आटोपली की तो उशीखालून एक जाड पुस्तक काढायचा. “तुझा आवाज खणखणीत आहे. एक पान वाच,” म्हणायचा. येशूची हकिकत होती ती. रेडिओला देवधर्माचं वावडं, पण कोणी आवाजाची तारीफ केली की तो विरघळायचा. एका पानाची दोन झाली, दोनाची दहा. पुढे पुढे तर पुढच्या पानावर काय होणार म्हणून तोच सोमवारची वाट बघायला लागला. म्हातारा वारला तेव्हा आश्रमाच्या पायरीवर बसून तो हमसून हमसून रडला. ते पुस्तक मागून त्याने घरी आणलं. सहा महिन्यांनी नवराबायकोने बाप्तिस्मा घेतला.

पूर्वी त्याच्या नाकावर राग असायचा. गिऱ्हाइकाने मान हलवली की कंगवा आपटायचा, घरी जेवताना मनासारखं झालं नाही की ताट सरकवायचा. तो राग हळूहळू ओसरला. बायकोला कोण आनंद. तिने बाजारातल्या भाजीवालीपासून शिवणाच्या वर्गातल्या बायकांपर्यंत सगळ्यांना सांगितलं की हे येशूने केलं; गल्लीत सांगणं तेवढं नवऱ्यावर सोडलं. रेडिओ मात्र चिडीचूप.

“अहो, जगाच्या बातम्या देता आणि घरातली एवढी चांगली बातमी गिळून बसता,” ती म्हणायची.

“वेळ आली की सांगीन.”

खरी अडचण त्याला एकट्यालाच ठाऊक होती. वीस वर्षं त्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येक भाविक माणसाची त्याने टर उडवली होती. बाकावर बसलेले सगळे त्याच्या त्या विनोदांवर पोट धरधरून हसलेले होते. आता तेच चेहरे आरशात दिसायचे आणि तो पुन्हा टाकीच्या गळतीवर घसरायचा.

समोरच हार्डवेअरचं दुकान होतं. दुकानदार त्याचा लहानपणापासूनचा दोस्त आणि डोक्याने त्याच्याइतकाच गरम. खिळे मागायला आलेल्या माणसाला लांबी सांगता आली नाही तरी तो भडकायचा. एका शनिवारी तो केस कापायला बसला होता. तेवढ्यात शेजारच्या गिऱ्हाइकाच्या हातून चहाचा कप नव्याकोऱ्या टॉवेलांच्या गठ्ठ्यावर कलंडला. गिऱ्हाईक पांढरंफटक पडलं. रेडिओ हसला आणि म्हणाला, “असू दे, रंग बरा दिसतोय.”

हार्डवेअरवाल्याने आरशातूनच त्याच्याकडे रोखून बघितलं. “खरं सांग. दोन वर्षांपूर्वी तू त्याचा गळा धरला असतास. तुला झालंय काय? माझी बायको आता माझ्याशी चिठ्ठी लिहून बोलते. तू काय घेतोस ते मला सांग.”

सलून भरलेलं होतं. बाकावर चौघे बसलेले, त्यात सगळ्यात टवाळखोर म्हणजे बँकेतला कारकून. रेडिओच्या ओठांवर येशूचं नाव आलं होतं. पण तोंडातून निघालं भलतंच.

“डॉक्टरांनी गोळी दिलीय. सकाळी एक.”

“कसली?”

“पिवळी. छोटीशी.”

झालं. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. बायकोने कारण विचारलं तर म्हणाला, पोट बिघडलंय. म्हणजे एका दिवसात दोन थापा.

सोमवारी दुपारी तो पोस्टमनची दाढी करत होता. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस. तेवढ्यात हार्डवेअरवाल्याची बायको धापा टाकत दारात आली.

“भाऊजी, तुमच्या गोळीचं नाव काय? डॉक्टर विचारताहेत. ह्यांनी माझ्या आईच्या डब्यातल्या दोन पिवळ्या गोळ्या घेतल्या. आईला नाव आठवत नाही, आणि तुमचीही पिवळीच ना. मग चक्कर येऊन शिडीवरून पडले.”

रेडिओ दाराकडे वळला. “लागलं का फार?”

“दोरखंडाच्या ढिगावर पडले म्हणून वाचले. घोटा सुजलाय. पण नाव सांगा ना.”

बाकावरचे सगळे त्याच्याकडे बघत होते. बँकेतला कारकूनही होता. रेडिओने वस्तरा खाली ठेवला, हात पुसले.

“वहिनी, गोळी वगैरे काही नाही. मी खोटं बोललो. मी येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवलाय, दीड वर्ष झालं. माझा राग त्याने घालवला, डॉक्टरने नाही. सांगायची लाज वाटली म्हणून गोळीचं नाव पुढे केलं. चला, डॉक्टरांना मीच सांगतो.”

वर पंखा घरघरत होता. ती बाई म्हणाली, “बरं, चला लवकर.” दोघे रस्ता ओलांडून गेले. मागोमाग पोस्टमन, अर्ध्या गालावर फेस घेऊन. त्याला दाढीपेक्षा पुढची हकिकत ऐकायची घाई झाली होती.

डॉक्टरांनी नाडी बघितली, आज दिवसभर पडून राहा म्हणून सांगितलं आणि जाता जाता रेडिओला चार शब्द सुनावले. ते त्याने मान खाली घालून ऐकून घेतले. हार्डवेअरवाला दुकानामागच्या खोलीत पाय उशीवर ठेवून पडला होता.

“म्हणजे गोळी नाहीच?”

“नाही. माफ कर. माझ्या भित्रेपणाने घोटा तुझा सुजला.”

“लाज कसली वाटली तुला? तू काय चोरी केलीस?”

“तुम्ही सगळे हसाल असं वाटलं.”

“हसलोच असतो की,” दोस्त म्हणाला. “हसून झाल्यावर ऐकलंही असतं. आता बस आणि सगळं पहिल्यापासून सांग. मला कुठे जायचंय?”

मग रेडिओने सांगितलं. आंधळा गवंडी, जाड पुस्तक, आश्रमाची पायरी, सगळं. आयुष्यात पहिल्यांदाच तो काही मीठमसाला न लावता बोलला. दारात उभ्या पोस्टमनच्या गालावरचा फेस वाळून गेला तरी तो हलला नाही.

पुढचे तीन आठवडे रेडिओ रोज दुपारी तिकडे जायचा. दोस्ताची दाढी करायचा, मग पुस्तक वाचून दाखवायचा. एके दिवशी येशूच्या एका शिष्याची गोष्ट आली, ज्याने गुरूला पकडून नेल्यावर भीतीपोटी आपण त्याला ओळखतच नाही असं तीनदा सांगितलं होतं. हार्डवेअरवाला मोठ्याने हसला. “हा तर तुझा सख्खा भाऊ. त्याने निदान गोळीचं नाव नाही घेतलं.” रेडिओही हसला आणि नाक शिंकरून पुढे वाचू लागला.

सलूनमध्ये बातमी पसरली होतीच. एक-दोन जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे जायला लागली. बँकेतला कारकून रोज काहीतरी खोडी काढायचा. “आज प्रवचन केसांबरोबर की दाढीबरोबर?” म्हणायचा. रेडिओ शांतपणे सांगायचा, “हातात वस्तरा असताना हा विषय मी आपणहून काढत नाही, ते बरं दिसत नाही. तुम्ही विचारलंत तर वस्तरा खाली ठेवून सांगतो.” विचारणारे निघाले. काही चेष्टेने विचारायचे, काही खरोखर. तो दोघांनाही सारखंच उत्तर द्यायचा.

हार्डवेअरवाला काही एकदम गरीब गाय झाला नाही. अजूनही ओरडायचा, पण मध्येच थांबून, “हं, काय हवंय ते नीट सांगा,” म्हणायचा. त्याच्या बायकोने चिठ्ठ्या लिहिणं बंद केलं. एका रविवारी तो चर्चमध्ये प्रार्थनेला येऊन शेवटच्या बाकावर बसला आणि बाहेर आल्यावर म्हणाला, गाणी फार संथ आहेत, पण पुढच्या वेळी येईन.

आणि एका सकाळी बँकेतला कारकून आला तो खुर्चीत बसलाच नाही. मुलीचं ऑपरेशन आहे म्हणाला, अकरा वाजता. त्याने टोपी काढून हातात घेतली. मग खाली बघत म्हणाला, “तू ते करतोस ना, तुझ्या देवाशी बोलतोस, तसं तिच्यासाठी बोलशील का?”

“आत्ता?”

“आत्ताच. उशीर नको.”

सलून भरलेलं होतं. रेडिओने कात्री ठेवली, कारकुनाच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. पहिलं वाक्य त्याने हळू म्हटलं. तेव्हा बाकावरचा पोस्टमन उठला आणि त्याने घरघरणारा पंखा बंद केला.

“मोठ्याने म्हण,” तो म्हणाला. “आम्हालाही ऐकू येऊ दे.”