लाकडी चमचा

“चमचा कोरा आहे ना? मग द्या इकडे.”

कुठल्याही लग्नात आइस्क्रीम आलं की आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडम हे विचारत टेबलाटेबलांवरून फिरायच्या. कपासोबत येणारा चपटा लाकडी चमचा त्यांना हवा असे, तोही न वापरलेला. मधुमेही पाहुण्यांवर तर त्यांचा भारी जीव! स्वतःचं आइस्क्रीम त्या वितळू द्यायच्या आणि चहासारखं पिऊन टाकायच्या. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या शेजारी बसलं की आपल्यालाच उगाच लाजल्यासारखं होतं.

मी त्यांच्याच कॉलेजात मराठी शिकवते. नाशिकरोडहून रोज त्यांच्या स्कूटीवर मागे बसून जायचे, त्यामुळे जे काही विज्ञान मला कळलं ते हेल्मेटमधून. डिस्प्रोसिअम नावाच्या दुर्मीळ धातूचा एक अणू मधोमध बसवून त्या रेणू तयार करत. अशा रेणूजवळ चुंबक आणलं की तो एक दिशा धरतो आणि चुंबक काढून घेतलं तरी ती लगेच सोडत नाही. म्हणजे एकेक रेणू हेच एक इवलंसं चुंबक!

“पण थंडीतच हं,” त्या म्हणायच्या. “आपल्या निफाडचा गारठा त्याच्यापुढे वैशाख.” जरा ऊब लागली की रेणू दिशा सोडून देतो म्हणे.

पन्नाशीला टेकल्यावर त्यांनी पीएच.डी. करायला घेतली ती वडिलांसाठी. अण्णा चांदवडला कांदा पिकवायचे. लेकीच्या नावाआधी ‘डॉक्टर’ लागलेलं डोळ्यांनी बघायचं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि त्यांचं हृदय थकत चाललं होतं.

एक दिवस परगावच्या प्रयोगशाळेतून मोजणीचे आलेख आले. मॅडमचा रेणू खोलीतल्या साध्या तापमानालाही चुंबक राहत होता! असं कुणालाच जमलेलं नव्हतं. स्टाफरूममध्ये पेढे आले. अण्णांनी गावभर सांगितलं, “पोरीनं नवं चुंबक काढलंय.”

मॅडमच्या हातातला पेढा मात्र हातातच राहिला. स्कूटीला किल्ली लावताना म्हणाल्या, “नाय हो, हे लय चांगलं आलंय. इतकं चांगलं नसतं कधी.” चांदवडची बोली त्यांच्या तोंडी फक्त घाबरल्यावर यायची.

दुसऱ्याच दिवशी कारण सापडलं. रेणूची पूड बाटलीच्या तळाला घट्ट बसली होती आणि ती त्यांनी स्वतःच स्टीलच्या चमच्यानं खरवडून काढली होती. डोळ्यांना न दिसणारा लोखंडाचा कण त्यात मिसळला असेल, तर आलेखात दिसलं ते चुंबक त्या कणाचं. त्यांचे मार्गदर्शक म्हणाले, “आधी प्रबंध देऊन टाका, मग बघू.”

त्यांनी माझ्यासमोरच अण्णांना फोन लावला. “अण्णा, माझीच चूक झाली. ते चमच्याचं लोखंड असंल. परत करायचं म्हणलं तर दोनेक वर्षं जातील.”

पलीकडून खोकला ऐकू आला. मग अण्णा म्हणाले, “कांद्याच्या चाळीत एखादा सडका दिसला तर झाकून ठेवतो का आपण? काढ बाहेर. मी हाय अजून.”

तेव्हापासून लाकडी चमचे. नव्यानं केलेली पूड त्यांनी त्या चमच्यांनीच उचलली, आणि साध्या तापमानाचं ते चुंबक गायब झालं. कडाक्याच्या थंडीत मात्र रेणू दिशा धरून राहत होता, जेमतेम का होईना. प्रबंध त्यावरच झाला. पण तो पुरा व्हायच्या आधीच अण्णा गेले.

पदवी मिळाली त्या दिवशी घरी येताना त्यांनी मध्येच स्कूटी थांबवली. “पेढे आले तेव्हा मी गप्प बसले असते ना, तर अण्णांनी बघितलं असतं हो.”

मी मागून उतरून हेल्मेट काढलं.

“पण मग त्यांच्यासमोर बसून घास उतरला नसता माझ्या घशाखाली,” असं म्हणाल्या आणि भर रस्त्यात रडायला लागल्या. मलाही रडू आवरेना.

गेल्या वर्षी मॅडम निवृत्त होऊन चांदवडला गेल्या. मी आता रिक्षानं कॉलेजला जाते. प्रयोगशाळेसाठी चमचे मागणारं कुणी राहिलं नाही.

परवा घोटीला एका लग्नात आइस्क्रीम आलं. शेजारी बसलेली भाची म्हणाली, “मावशी, खा ना, वितळतंय ते.”

“वितळू दे गं,” मी म्हटलं आणि कप तोंडाला लावला. कोरा चमचा केव्हाच पर्समध्ये गेला होता.