औषधवाल्या काकांची लुडबुड

आमच्या आरोग्य केंद्रातल्या औषधवाल्या काकांइतका लुडबुड्या माणूस साकोलीपासून तुमसरपर्यंत शोधूनही सापडायचा नाही. सरकारनं त्यांना नेमलं होतं गोळ्या-औषधं द्यायला, पण आमच्या केंद्रात त्यांनी हात घातला नाही असं एकही काम नव्हतं. शिपाई रजेवर असला की काका झाडू मारत, आणि रजेवर नसला तरी मारत. मग तो बिचारा सुपली घेऊन त्यांच्या मागं मागं फिरे. ड्रायव्हरच्या आधी अँब्युलन्सची हवा तेच तपासत. बाळाचं वजन करायची मी, पण आकडा मोठ्यानं सांगायचे काका, वर "पायलीभर धानाएवढं भरलं पोट्टं!" अशी पुस्ती. कोणी टोकलं की म्हणत, "कोनाचं काम हाय थे मंग पाहू, पयले करून टाकू."

मी तिथली नर्स. तातडीच्या औषधांच्या माझ्या ट्रेवर त्यांचा खास जीव. मी लावलेला ट्रे ते रोज सकाळी नव्यानं लावत, संपलेलं भरून ठेवत आणि वर स्वतःचा कंगवा त्यात विसरून जात. वर्षभर मी दातओठ खाल्ले. पण एकदा भरल्या ओपीडीत त्यांनी माझ्या हातातली सिरिंज उजेडाकडं धरून "बरोबर हाय" असं प्रमाणपत्र दिलं, आणि माझं डोकंच सटकलं. वीस वर्षं सुया टोचतेय मी! तशीच डॉक्टर मॅडमकडं गेले आणि म्हटलं, "एकतर काका राहतील, नाहीतर मी."

मॅडमनी बैठक घेतली, कामांची यादी केली, भिंतीवर चिकटवली. ट्रे माझा, भांडार काकांचं. भांडारातून काही हवं असेल तर मी चिठ्ठी द्यायची, किल्ली काकांनीच ठेवायची. काकांनी मुकाट्यानं सही केली. दुसऱ्या दिवसापासून ते खिडकीमागं असे बसले, की कूलर भरून फरशीवर पाणी आलं तरी उठले नाहीत. नुसते पाय वर घेतले. आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसले.

मग धानाच्या रोवणीचे दिवस आले. सोमवारी साप चावलेला एक म्हातारा आला, त्याला सापाच्या औषधाच्या आठ कुप्या लागल्या, वाचला. ट्रेमध्ये दोनच उरल्या. ट्रे आपोआप भरलेला पाहायची मला इतकी सवय, की चिठ्ठी लिहायचं ध्यानातच आलं नाही. बुधवारी दुपारी एकोडीकडून रोवणीवरची एक बाई आणली, पायाचा चिखल तसाच. तिलाही सापच चावला होता. काका तालुक्याला बैठकीत, फोन बंद, किल्ली त्यांच्या खिशात. होत्या त्या दोन कुप्या दिल्या. ड्रायव्हर भांडाराच्या कुलपावर दगड घालत होता, पण ते तुटेना आणि तिच्या पापण्या मिटायला लागल्या. मॅडमनी तिला अँब्युलन्समधून भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मी सोबत होते. वाटेतच गेली ती.

संध्याकाळी काकांनी भांडार उघडलं. समोरच्याच फळीवर खोका होता. आत आठ कुप्या, वर त्यांच्या अक्षरात 'ट्रेसाठी'.

"सोमवारीच काढून ठेवलो होतो," काका म्हणाले. "तुमच्या चिठ्ठीची वाट पाहून रायलो होतो. बिना चिठ्ठीचं देलं त सिस्टर पुन्हा रागावतीन, मनलं."

मी दाराला धरून ओक्साबोक्शी रडले.

पुढं चौकशी आली. साहेबांनी विचारलं, ट्रे भरायची जबाबदारी कोणाची? मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "यादी लागली खरी साहेब, पन भरत मीच होतो. या बारीले माझ्याच्यानं राहून गेलं." मी खाली पाहत राहिले. माझी नोकरी अजून बरीच होती, त्यांना निवृत्तीला दीड वर्ष होतं, असं मनाला सांगत राहिले.

काकांची बदली झाली, पार बपेऱ्याकडं. आता माझ्या ट्रेला कोणी हात लावत नाही. रोज सकाळी मीच भरते, दोनदा मोजते, आणि कोणीतरी येऊन तो विस्कटावा असं फार वाटतं.

एक गोष्ट मात्र आजवर कोणाला सांगितली नाही. लेखी जबाब देताना काकांचं पेन उमटेना. तेव्हा माझ्या खिशातलं पेन काढून मीच त्यांना दिलं.