लेकींना न शिकवलेली पूड

धणे-मिरच्या भाजल्याचा खमंग वास आला, की चेन्नईतल्या मैलापूरच्या आमच्या घरातली ती सकाळ आठवते. आमच्या तंजावरी घरात सांबाराची पूड फक्त सुनांना शिकवत. लेकी ती परक्या घरी नेतील म्हणून पूड भाजताना त्यांना बाहेर बसवत. मी लेक. दाराआडून वासावरून शिकले, आणि नव्या ब्लॉगवर पहिल्यांदा तीच लिहिली. कितीतरी दिवस कुणी फिरकलं नाही. मग कुणीतरी थोरल्या काकूला फोनवर दाखवलं. कॉफीचा पेला आदळून ती कडाडली, "घरातलं गावभर वाटतेस? आत्ताच्या आत्ता काढ ते!" मी म्हटलं, "नाही काढणार. याच घरात जन्मले ना मी?" ब्लॉग उघडून पाहते तर पहिली प्रतिक्रिया आलेली, तांबरमला दिलेल्या म्हाताऱ्या आत्याची: "आज केली गं. आईच्या हातची चव आली. सगळ्या बहिणींना पाठवलंय." मी ती मुद्दाम मोठ्याने वाचली. काकूने फोन मागून घेतला आणि ती स्वतः पुन्हा वाचली. तिच्या माहेरची पूड तिलाही कुणी शिकवली नव्हती. आज ब्लॉगवर कितीतरी घरांच्या पुडीच्या कृती आहेत, सगळ्या लेकींनी पाठवलेल्या. "काढून टाका" म्हणून अजूनही निरोप येतात. मी एकही काढलेली नाही.