आडीतला घेवडा

सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांना आम्ही साताऱ्याकडच्या गावातून चेन्नईला घेऊन आलो. येताना त्यांनी दोनच गोष्टी जपून आणल्या: पट्ट्यांचा जुना होल्डॉल आणि सासूबाईंनी फडक्यात बांधून ठेवलेलं घेवड्याचं बी. होल्डॉल खाटेखाली गेला आणि तिथेच राहिला. रोज कपडे त्यातूनच काढायचे, धुतलेले पुन्हा त्यातच भरायचे आणि पट्टे आवळायचे. कपाटाचे दोन कप्पे मी त्यांच्यासाठी रिकामे केले होते. त्यात त्यांनी फक्त चष्म्याचं घर ठेवलं.

"पावण्याला कपाट कशाला?" म्हणायचे.

मला याचा भारी राग यायचा. घरातलं माणूस पाहुण्यासारखं राहतं म्हणजे घर चालवणारीचं काहीतरी चुकतंय, असं वाटायचं. नवरा कारच्या कारखान्यात, पहाटे कंपनीच्या बसने जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. त्याला विचारलं की म्हणायचा, "रमतील हळूहळू."

अड्यारला आमचं भाड्याचं घर तळमजल्यावर होतं आणि मागे परस होता. एक शेवगा, दोन नारळ, कपडे धुवायचा दगड आणि बाकी नुसती पांढरट माती. जून लागला तसे सासरे ती माती उकरायला लागले. मृग लागला होता ना! मृगाला पेरायचं हे आमच्या रक्तातच आहे. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. वर बघितलं असतं तर आभाळात ढगाची चिंधीसुद्धा नव्हती आणि दगडावर पाय ठेववत नव्हता. पण वर बघतोय कोण?

"मृग तो मृग," ते म्हणाले. "मद्रासला नक्षत्रं वेगळी असत्यात व्हय?"

निम्मं बी त्यांनी टाकलं. कोंब छान आले, आणि दोन पानांवर आले तोच उन्हाने त्यांचे पापड झाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. फडक्यात उरलेलं मूठभर बी पुन्हा पुन्हा चाचपत राहिले. सासूबाईंच्या हातचं तेवढंच उरलं होतं.

"हितली माती आपल्याला वळखत न्हाई," ते म्हणाले. "गौरी-गणपतीला मी जातो गावाकडं."

गावात त्यांना भाकरी करून घालणारं कुणी उरलं नव्हतं.

माडीवर घरमालकीण राहायच्या. तंजावरच्या जुन्या मराठी घरातल्या. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणायची. गच्चीत तांदळाचे वडाम वाळत घालताना त्यांनी ही सगळी शेती बघितली होती. त्या वरूनच म्हणाल्या, "अत्तां कां पेरलांत? आडी मास येऊं द्या. अम्ही अस्के जण तेव्हांच पेरतों. पाऊस दिवाळीकडे येतो इथें."

सासरे आत येऊन मला म्हणाले, "बाई मराठी बोलत्यात का कीर्तन करत्यात?"

पण ती गोष्ट त्यांच्या मनात रुतली असावी. चार दिवसांनी भाजी निवडत बसले होते, मान खाली घालून विचारलं, "ती आडी कधी लागती गं?"

आडी लागली आषाढात. उरलेलं सगळं बी त्यांनी शेवग्याच्या बुंध्याशी टोचलं. मागे काहीच ठेवलं नाही. माझाच जीव खालीवर. पाण्याची तर बोंबच होती, टँकरची गाडी आली की गल्लीत घागरींची रांग लागायची. मग घरात असं ठरलं की मुलांनी साबण आत लावायचा, पण शेवटचे तांबे परसात, वाफ्याशेजारी उभं राहून अंगावर घ्यायचे. मुलांना काय, आयताच सण! ती आजोबांवर पाणी उडवायची, आजोबा शिव्या देत त्यांच्यामागे धावायचे, मी दारातून ओरडायची. त्या वर्षाइतकं आमचं घर मोठ्याने कधी हसलं नाही. मी सुखात होते, आणि ते मला तेव्हाच कळत होतं.

वेल शेवग्यावर चढला. गौरी-गणपती आले, तर म्हणाले, "फांदीला दोर बांधायचा राहिलाय, दिवाळीला जातो." दिवाळीला धो धो पाऊस लागला आणि जांभळी फुलं आली. मग म्हणाले, "शेंगा धरू देत." मी रोज देवापुढे हात जोडून म्हणायची, यांना इथंच राहू दे.

भोगी आली. आपल्याकडे त्या दिवशी घेवडा घालून मिसळीची भाजी आणि तिळाची भाकरी. चेन्नईत त्याच दिवशी घरातल्या जुन्यापान्या वस्तू दारात जाळतात. उजाडताना मामींनी फाटक्या चटया पेटवल्या. मुलं "अजून आणा, अजून आणा" करत नाचत होती. मी भाजीला शेंगा तोडत होते, पण थोरल्या फांदीवरच्या शेंगांना हात लावायची मला बंदी होती. त्या बियाण्याला राखल्या होत्या.

तेवढ्यात सासरे आतून आले. हातात रिकामा होल्डॉल. त्यांनी तो सरळ जाळात टाकला.

"अहो!" मी शेंगा हातात घेऊन धावले. "गावाला जाताना कपडे कशात नेणार?"

ते काठीने होल्डॉल जाळात नीट सारत म्हणाले, "आणि आडीला बी कोण टोचणार? तुझा नवरा?"