विमानाला जड झालेलं तिखट

विमानतळावर मी आयुष्यात एकदाच गेले, आणि परतले तेव्हा माझ्या मुठीत दुसऱ्या बाईचे केस होते. आता टीव्हीवर खेळाडू खास विमानातून उतरताना दिसतात. कानांवर भोंगे, बगलेत उशी. नातवंडं मला समजावतात, आजी, अख्खं विमान त्यांचंच असतं. मी म्हणते, मला नका शिकवू. आमच्या घरचा माणूस अशा विमानात बसणार होता. बसला नाही, त्याला कारण मी.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचे हे नागपुरातल्या एका कापड गिरणीत बदली कामगार होते. म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. कोणी कामाला आलं नाही तर त्याच्या जागी आत, नाहीतर घरी. पण हे फुटबॉल फार चांगलं खेळायचे. गिरणीच्या टीमचे उजवे बॅक. मालकाने कबूल केलं होतं की कलकत्त्याच्या स्पर्धेत जे मैदानात उतरतील त्यांना कायम करू. आणि नेमका तेव्हाच रेल्वेचा संप.

मालकाने एक मालवाहू डाकोटा विमान भाड्याने घेतलं. एरवी त्यातून औषधांची खोकी आणि कोंबडीची पिल्लं जायची. खुर्च्या नव्हत्या, दोन्ही अंगांना कॅनव्हासची बाकं, मधे जाळीखाली सामान. अट एकच होती, वजनाची. आदल्या दिवशी गिरणीत, ज्या काट्यावर कापडाच्या गाठी चढायच्या त्याच काट्यावर मॅनेजरने एकेका खेळाडूला बॅगेसकट उभं केलं आणि आकडा पायलटला कळवला.

आता माझी अक्कल ऐका. एकदा वजन झालं की परीक्षा संपली, असं मला वाटलं. हे घरी बॅग ठेवून चहा प्यायला बाहेर गेले तशी मी बॅग उघडली आणि तिच्यात पाच किलो तिखट घातलं. भिवापुरी मिरची, मी स्वतः कांडलेली. तिकडचं जेवण ह्यांच्या घशाखाली उतरणार नाही म्हणून. पंधरा दिवसांना पाच किलो! टीम होती की लग्नाची पंगत? बांधायला फडकं मिळेना, तर मी माझ्या हिरव्या लुगड्याच्या टोकाचा हातभर तुकडा फाडला. आणि दुसऱ्या दिवशी तेच लुगडं नेसून मिरवत सोनेगावच्या विमानतळावर गेले. बावीस वर्षांची होते. पण बावीस वर्षांच्या शेळीलाही थोडी जास्त समज असते.

विमान सकाळी सातला उडायचं होतं. इंजिनात काही अडलं आणि अकरा वाजले. मे महिना. धावपट्टीवरची हवा उकळत्या पाण्यासारखी हलत होती. पायलट घाम पुसत मॅनेजरपाशी आला. "इतनी गरमी में जहाज़ इतना वज़न नहीं उठाता. एक आदमी कम करो."

मॅनेजरने सहज एक बॅग उचलून पाहिली, मग दुसरी, आणि त्याचा चेहरा लाल झाला. गाढवपणा मी एकटीनेच केला नव्हता. घराघरातल्या बायकांनी पापड, सातू, लोणच्याच्या बरण्या कोंबल्या होत्या. "सगळ्या बॅगा पुन्हा काट्यावर," तो ओरडला. "ज्याची सगळ्यात जड, तो घरी!"

बॅगा टिनाच्या शेडखाली ओळीने मांडलेल्या होत्या आणि आम्ही बायका त्यांच्यापाशी बसलो होतो. माझ्या शेजारी डाव्या बॅकची आई. विधवा बाई, एकच पोरगा, तोही बदलीच. ती उठली. "माह्या पोराच्या बॅगेवर ध्यान ठेव वं, पाणी पिऊन येते."

"जा नं मावशी, मी आहो नं इथं."

ती नळापर्यंत पोचायच्या आत, बाकीच्या बायका काट्याकडे बघत असताना, माझं गाठोडं तिच्या पोराच्या बॅगेत गेलं होतं. चेन लावताना माझा हात थरथरलासुद्धा नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही. पण थरथरला असता तर बरं दिसलं असतं, म्हणून खोटंही सांगत नाही.

डाव्या बॅकची बॅग सगळ्यात जड भरली.

"तू राह्य," मॅनेजर म्हणाला.

"काहून साहेब? माह्या बॅगेत बुटाशिवाय काई नाही."

त्याने सगळ्यांसमोर बॅग उलटी केली. बूट पडले, गंजी पडली, आणि धप्पकन हिरवं गाठोडं. म्हातारीने गाठोड्याकडे पाहिलं, मग माझ्या लुगड्याच्या फाटक्या टोकाकडे पाहिलं. चोरी करावी तर अशी, पोलिसांना तपास नको.

"रांडे!" म्हणाली, आणि माझा अंबाडा तिच्या हातात.

मी काय करावं? पाया पडावं. मी तिच्या मनगटाला चावले. तिने माझं डोकं शेडच्या खांबावर आपटलं. एकदा, आणि मी सोडत नाही म्हणून आणखी एकदा. माझ्या भुवईतून रक्त डोळ्यात उतरलं. मी तिला केस धरून खाली खेचलं आणि दोघी डांबरावर लोळलो. डांबर इतकं तापलेलं की कोपराची कातडी तिथेच राहिली. तिचा पोरगा आईला सोडवायला धावला. ह्यांना लांबून एवढंच दिसलं की एक धिप्पाड गडी आपल्या बायकोवर चालून जातोय. ह्यांनी काही विचारलं नाही. सरळ त्याच्या नाकावर ठोसा घातला. हाड मोडल्याचा आवाज मी खाली पडल्या पडल्या ऐकला.

पाच वर्षं शेजारी शेजारी खेळलेले ते दोन बॅक. एकमेकांच्या अंगाची सगळी दुखरी ठिकाणं त्यांना पाठ. त्याने पडलेला बूट उचलला, चामड्याच्या खुंट्या ठोकलेला, आणि ह्यांच्या गुडघ्यावर हाणला. पुन्हा हाणला. गुडघा भलत्याच दिशेला वाकला. ह्यांनी पडता पडता हाताला आलं ते फेकून मारलं, आणि हाताला आलं होतं गाठोडं.

मग उन्हाळी वारा होताच. पाच किलो तिखट क्षणात सगळ्यांच्या डोळ्यांत. सोडवायला आलेले खेळाडू आंधळे झाले आणि आंधळेपणाने मारू लागले. गोलकीपरने मॅनेजरला गळा धरून पाडला, कोण आहे ते न बघता. कोणाचा दात पडला, कोणाचा कान फाटला. पोलीस लाठ्या घेऊन आले, तेही दोन मिनिटांत शिंकत, रडत, दिसेल त्याला झोडपत होते. एक लाठी माझ्या पाठीवर बसली. चांगली बसली. पावसाळ्यात ती जागा अजून ठणकते.

पायलट तेवढा दूर उभा होता. तो म्हणाला, "अब दो कम हो गए." उरलेल्यांचे डोळे धुतले आणि विमान आमच्या डोक्यावरून गेलं. डाव्या बॅकचे डोळे सुजून मिटलेले; ह्यांना बैलगाडीतल्या पोत्यासारखं उचलून पोलीस चौकीत नेलं.

हवालदाराने विचारलं, "त्याच्या बॅगेत गाठोडं कोणी टाकलं?"

"मी," हे म्हणाले.

"नाही गा हवालदारसाहेब, मी टाकलं!" मी ओरडले.

"चूप बस. नवऱ्याले वाचवून राहिली."

ह्यांचा बदलीचा पासही गेला. कायम व्हायचं राहू द्या, गेटवर उभं राहायची सोय संपली. प्लॅस्टर घालून हे खाटेवर पडले, आणि मला एक अक्षर बोलले नाहीत. एखादी शिवी दिली असती तर मी उलट चार देऊन मोकळी झाले असते.

आठवड्याने दारावर थाप पडली. डाव्या बॅकची आई, मनगटाला पट्टी. मी दार उघडलं आणि तिने माझ्या कानाखाली अशी दिली की चुलीवरचं दूध उतू गेलेलं मला ऐकू आलं नाही.

"हे बॅगेवर ध्यान ठेवल्याचं," ती म्हणाली. "टाकलं तू. त्यानं नाही. त्याले असं बारीक काम सुचतच नाही."

"हो मावशी."

"मंग चाल. साहेबाले सांग."

हे खाटेवरून ओरडले, "जाऊ नको वं!" आठ दिवसांतले पहिले शब्द. मी गेले. गिरणीच्या गेटवर, शिफ्ट सुटताना, दोनशे माणसांसमोर मी सांगितलं की हे पाप माझं. मॅनेजरच्या मानेवर गोलकीपरच्या बोटांचे वळ अजून निळे होते. तो हसला. म्हणाला, बायकांच्या बोलण्यावर गिरणी चालत नाही. म्हातारीने चप्पल हातात घेतली. "मंग माह्या बोलण्यावर चालव. मार माह्या पोरानं खाल्ला, आन् मीच सांगून राहिली, ह्याचा पास दे." चप्पल तिने खाली ठेवली नाही, आणि मॅनेजरही दोन पावलं मागे सरकला.

पास परत मिळाला. कायम हे कधीच झाले नाहीत. लंगड्या बॅकला कोण कायम करतं. हे बदलीवरच म्हातारे झाले. डावा बॅक मात्र पुढच्या वर्षी कायम झाला, वाकड्या नाकासकट. पेढे घेऊन त्याची आईच आली. मी आधी गाल झाकला, मग हात पुढे केला.