एकवीस घरं अलीकडे

त्या दिवशी दुपारी पीएच.डी.चा शेवटचा सेमिनार होता. तो पार पडला तरच प्रबंध जमा करता येणार होता. सकाळी मी शिवाजी पेठेतल्या खोलीवर मराठी सारांश लिहीत बसले होते आणि 'शॅपरोन'ला शब्द सापडत नव्हता. वैतागून कोडोलीला आईला फोन लावला. म्हटलं, यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियात एक प्रथिन असतं, ते दुसऱ्या प्रथिनांची नीट घडी बसवून देतं आणि बाजूला होतं.

"पाठराखीन म्हन की," आई म्हणाली. "नवरीसंगं जाती, तिला सासरी रुळवती आनि माघारी येती."

शब्द इतका चपखल होता की मला माझाच राग आला. पण आईचं संपलं नव्हतं. "आनि ह्या पाठराखनीला त्या घरात कोन पोचवतं?"

"तिच्या सुरुवातीला एकवीस अमिनो आम्लांचा तुकडा असतो, पत्ता लिहिल्यासारखा. आत पोचली की तो कापून टाकतात. मग..." मी प्रयोगांची वही पुढ्यात ओढली.

"आगं, काय झालं?"

फोन ठेवला. ज्या जुन्या शोधनिबंधावरून मी काम केलं, त्यातले अमिनो आम्लांचे क्रमांक तुकडा कापल्यानंतरच्या प्रथिनाचे होते. मी मोजलं होतं तुकड्यासकट! म्हणजे जे अमिनो आम्ल बदलायचं ते सोडून मी एकवीस घरं अलीकडचं बदललं. तिथंही नेमकं तेच आम्ल, म्हणून कुणाला शंका आली नाही. यीस्ट मजेत वाढलं आणि मी ठोकून दिलं की ही जागा गरजेची नाही. दोन वर्षं पाण्यात गेली होती.

माझ्या मार्गदर्शक मॅडमना गाठलं तेव्हा बाहेरचे परीक्षक चहा घेत होते. चूक ऐकून मॅडमनी माझी वही घेऊन दोनदा मोजलं. "आज सादर कर," त्या हळूच म्हणाल्या. "नंतर बघू. कुणी मोजत बसत नाही."

मला ती पदवी भयंकर हवी होती. म्हणून उभी राहिले आणि बोलत गेले. निष्कर्षाची स्लाइड आली. परीक्षक मान डोलावत म्हणाले, "वा! हे नवीन आहे."

मॅडम माझ्याकडे एकटक बघत होत्या. मला त्यांची भीती वाटली आणि स्वतःची त्याहून जास्त.

"सर, हे नवीन नाही, चुकीचं आहे. मी मोजण्यात चुकले."

मॅडम कोरड्या आवाजात म्हणाल्या, "ठीक आहे. पुढची स्लाइड लाव."

"मॅडम," मी म्हणाले, "पुढच्या सगळ्या हिच्यावरच उभ्या आहेत."